मोटारींतील वाटाड्या

परक्या मुलखांत वाट कोणाला विचारावी, हा प्रवासी माणसाचा फार जुना प्रश्न आहे. समुद्रावरच्या तांडेलानें तो ताऱ्यांना विचारला, लमाणांच्या तांड्यांनीं डोंगरांच्या माथ्यांना विचारला, आणि घाट उतरणाऱ्या एकट्या वाटसरूनें गुरें राखणाऱ्या पोराला विचारला. गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाचें उत्तर देणारी एक नवीच वस्तु मोटारीच्या पुढच्या कांचेवर येऊन बसली आहे. तळहाताएवढी चपटी पेटी, तिच्यावर रंगीत नकाशा, नकाशावर मोटारीची खूण म्हणून एक बाण, आणि मधून मधून ‘तीनशें मीटरांवर डावीकडे वळा’ असें सांगणारा एक शांत आवाज. हेंच तें जी. पी. एस. चें यंत्र. आज पुष्कळ घरीं त्याचें काम खिशांतला मोबाईल करतो. तरीहि स्वतंत्र यंत्र बाळगणारीं कुटुंबें आहेत, आणि दोहोंचें अंतरंग एकच असल्यामुळें जें एकाविषयीं खरें, तें बहुतांशीं दुसऱ्याविषयींहि खरें आहे.

हें यंत्र विकत घेणें सोपें आहे, वापरणेंहि सोपें आहे. तें ओळखणें मात्र तितकें सोपें नाहीं. कारण या एका पेटींत दोन निरनिराळे वाटाडे बसलेले आहेत, आणि ते दोघेहि एकाच आवाजांत बोलतात. ‘तुम्ही आतां कोठें आहां’ हें सांगणारा पहिला, आणि ‘तुम्ही आतां कोणीकडे जावें’ हें सांगणारा दुसरा. पहिल्याचा शब्द बहुधा खरा मानावा. दुसऱ्याचा शब्द सल्ला म्हणून ऐकावा. हा भेद ध्यानांत न राहिल्यानें माणसांचे प्राण गेले आहेत. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करणें अगत्याचें आहे.

पहिल्या वाटाड्याची गोष्ट आकाशांतली आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, वर फिरणारा उपग्रह मोटारीवर नजर ठेवून असतो आणि ती कोठें आहे हें खालीं कळवीत असतो. वस्तुतः उपग्रहाला त्या मोटारीची गंधवार्ताहि नसते. या कामापुरतें हें यंत्र श्रोत्यांच्या समोरील रेडिओसारखेंच आहे. तें फक्त ऐकतें. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून, जवळ जवळ बारा तासांत एक प्रदक्षिणा घालीत, निदान चोवीस उपग्रह मुख्यतः दोनच गोष्टी अखंड सांगत असतात. ‘मी या क्षणीं अमुक ठिकाणीं आहें, आणि माझ्या घड्याळांत आतां अमुक वाजले आहेत.’ हा संदेश इतक्या क्षीण शक्तीचा असतो कीं, खालीं येईपर्यंत तो कुजबुजीहूनहि मंद झालेला असतो. म्हणूनच बोगद्यांत तो ऐकूं येत नाहीं, आणि उंच इमारतींच्या गल्लींत भिंतींवरून आपटून आलेला संदेश यंत्राला थोडा फसवितो.

या दोन गोष्टींवरून मोटारीचें ठिकाण कसें निघतें? रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर, धांवतात. तरी उपग्रहानें उच्चारलेली वेळ यंत्रापर्यंत पोंचेतों सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग उलटलेला असतो. हा उशीर मोजला आणि त्याला वेगानें गुणलें, कीं उपग्रहापासूनचें अंतर हातीं आलें. एका उपग्रहापासूनचें अंतर कळलें म्हणजे मोटार एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कोठें तरी आहे, एवढें कळलें. दुसरा गोल पहिल्याला एका वर्तुळांत छेदतो; तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो, आणि त्यांतला एक बिंदु पृथ्वीपासून दूर पडत असल्यामुळें सोडून देतां येतो.

मग चौथा उपग्रह कशाला लागतो? त्याचें कारण मौजेचें आहे. उपग्रहावर अणुघड्याळें असतात. मोटारींतल्या पेटींत मात्र मनगटी घड्याळांत असतें तसलें क्वार्ट्झचें स्वस्त घड्याळ असतें. त्यांत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तरी अंतरांत तीनशें मीटरांची चूक पडते. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक, अशा या चार अज्ञात राशि झाल्या. आणि चार अज्ञात राशि काढावयाच्या तर चार समीकरणें पाहिजेत, हें बीजगणित शिकलेल्या कोणत्याहि मुलाला ठाऊक असतें. चौथा उपग्रह तें चौथें समीकरण पुरवितो.

आईनस्टाईनचा सापेक्षतावाद हा विद्वानांच्या चर्चेचा विषय, संसारी माणसाला त्याचा काय उपयोग, असें म्हणणाऱ्यांना ही पेटी चोख उत्तर देते. उपग्रह वेगानें फिरतात म्हणून त्यांचीं घड्याळें दररोज सुमारें सात मायक्रोसेकंद मागें पडतात. आणि ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून दूर असल्यामुळें सुमारें पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढें जातात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश. वजाबाकी करून दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद उरतात. ही चूक सुधारली नसती, तर चोवीस तासांत अंतराचा हिशेब दहा किलोमीटरांहून अधिक चुकला असता, आणि खंडाळ्याच्या घाटांतली मोटार नकाशावर भलत्याच खोऱ्यांत दिसली असती.

एवढी करामत अर्थातच एका दिवसांत झालेली नाहीं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हां अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील गायर व वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनीं त्याच्या आवाजाचा चढउतार टिपला, आणि तेवढ्यावरून त्याची कक्षा गणितानें काढून दाखविली. मग प्रश्न उलटा मांडला गेला: जमिनीवरच्या ठिकाणावरून उपग्रह सांपडतो, तर उपग्रहावरून जमिनीवरचें ठिकाण कां सांपडूं नये? त्या उलट प्रश्नांतूनच नौदलाची आणि पुढें आजची पद्धति निघाली. जी. पी. एस. चा पहिला उपग्रह १९७८ सालीं वर गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें व तें पाडलें गेलें. २६९ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर लष्करासाठीं उभारली जात असलेली ही सोय पूर्ण होतांच सर्व जगाला मोफत दिली जाईल, असें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीर केलें. १९९५ सालीं ही योजना पूर्ण झाली. परंतु नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम थोडी भेसळ केलेली असे, त्यामुळें शंभर मीटरांपर्यंतची चूक राही. मे २००० मध्यें ती भेसळ बंद करण्यांत आली, आणि मोटार समांतर जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकीं कोणत्या रस्त्यावर आहे हें सांगणें यंत्राला शक्य झालें. मोकळ्या आभाळाखालीं आज त्याची चूक पांच-दहा मीटरांच्या आंत-बाहेर असते.

यानंतरच मोटारींतल्या सुट्या यंत्रांचे दिवस आले. ॲमस्टरडॅमच्या टॉमटॉम कंपनीनें २००४ सालीं आपलें सुटसुटीत यंत्र बाजारांत आणलें. गार्मिन कंपनीचीं यंत्रेंहि त्याच सुमारास घरोघर गेलीं. हिंदुस्थानानें स्वतःचे उपग्रहहि सोडले: १ जुलै २०१३ रोजीं पहिला, आणि एप्रिल २०१६ मध्यें सातवा. या मालिकेला ‘नाविक’ हें समर्पक नांव मिळालें. आणि २९ मे २०२३ रोजीं गेलेल्या तिच्या पुढच्या पिढींतील पहिल्या उपग्रहावर अहमदाबाद येथें तयार झालेलें अणुघड्याळ होतें. सारांश, पहिल्या वाटाड्याच्या पाठीशीं साठ-सत्तर वर्षांची तपश्चर्या, अणूंचीं घड्याळें आणि अनेक राष्ट्रांचे उपग्रह उभे आहेत. ‘तुम्ही येथें आहां’ हें तो सांगतो, तें विश्वासानें ऐकावें.

आतां दुसरा वाटाड्या. याचा आकाशाशीं कांहीं संबंध नाहीं. उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो, पूल ठाऊक नसतो, पुणें आणि नाशिक हीं नांवेंहि ठाऊक नसतात. तीं सारीं पेटीच्या पोटांत सांठविलेल्या नकाशांत असतात, आणि तो नकाशा माणसांनीं केलेला असतो. कोणी तरी त्या रस्त्यानें एके दिवशीं गेलें, किंवा विमानांतून घेतलेल्या चित्रावर रेघ ओढली, आणि ती रेघ नकाशांत आली. ज्या दिवशीं ती ओढली, त्याच दिवसापासून ती जुनी होऊं लागली. रस्ता एकमार्गी होतो, वळण बंद होतें, जुना पूल पाडून नवा बांधतात, धरणाचें पाणी वाढतें. पेटींतल्या नकाशाला यांतलें कांहीं कळत नाहीं. सुट्या यंत्राचा मालक नवा नकाशा भरून घेण्यास विसरला, तर पांच वर्षांपूर्वींच्या मुलखांतून त्याचा प्रवास सुरू असतो.

नकाशावरून वाट निवडण्याचें काम गणिताचें आहे. १९५६ सालीं एडस्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानें, दोन गांवांमधील सर्वांत जवळची वाट कशी शोधावी याची एक सोपी रीत बसविली, आणि १९५९ सालीं ती प्रसिद्ध केली. आजचीं यंत्रें तिच्याच सुधारलेल्या रूपांनीं वाट काढतात. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्यावरचा धरून चाललेला वेग यांवरून वेळ काढावयाचा, आणि ज्या वाटेची बेरीज सर्वांत कमी, ती वाट पुढें करावयाची. बेरीज अचूक असते. परंतु घाटांत धुकें दाटलें आहे, ओढ्याला पाणी आलें आहे, रात्रीच्या वेळीं त्या रानांत मदतीला चिटपांखरूंहि नाहीं, हे आंकडे त्या बेरजेंत बहुधा नसतात. मोबाईलच्या नकाशाला वाहनांची गर्दी ताबडतोब कळते हें खरें. पण ज्या वाटेनें कोणी जातच नाहीं, तेथें गर्दी नसण्याचें कारण काय, हें त्याला सांगतां येईलच असें नाहीं.

याचा परिणाम काय होतो, याचीं उदाहरणें दूर शोधावीं लागत नाहींत. २०२१ च्या जानेवारींत, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत पुण्याची एक मोटार रात्रीं मोबाईलच्या नकाशावर विसंबून चालली होती. वाटेंतला पूल धरणाच्या पाण्याखालीं गेलेला होता. मोटार सरळ पाण्यांत शिरली. दोघे कसेबसे बाहेर आले, चालविणारा बुडाला. २०२४ च्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ रामगंगा नदीच्या पुलावरून एक मोटार खालीं पडून तिघे दगावले. पुलाचा जोडरस्ता पुरानें वाहून गेला होता. नकाशावर मात्र वाट अखंड दिसत होती, आणि प्रत्यक्ष जागेवर अडथळा किंवा सूचनेचा फलक नव्हता, असें वृत्तपत्रांनीं लिहिलें. जो फलक लावावयाचा राहून गेला त्याचा दोष यंत्राच्या माथीं मारतां येत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु या प्रसंगांत पहिला वाटाड्या चुकलेला नव्हता. मोटार पुलाच्या वाटेवर आहे, हें तो बरोबरच सांगत होता. पुढें जा म्हणणारा दुसरा होता. पहिल्याच्या अचूकपणाची पुण्याई दुसऱ्याच्या नांवावर जमा झाली, आणि दोघांचा आवाज एकच असल्यानें ऐकणाऱ्यांना कोण बोललें हें कळलें नाहीं.

तिसरी चूक माणसाची स्वतःची असते, ती म्हणजे नांवाची. २००९ सालीं एक स्वीडिश जोडपें इटलींतील काप्री नांवाच्या रम्य बेटाकडे निघालें. यंत्रांत नांव लिहितांना दोन अक्षरें उलटीं पडलीं, आणि तें कार्पी नांवाच्या उत्तरेकडील उद्योगी गांवीं जाऊन पोंचलें. काप्री हें बेट आहे आणि वाटेंत समुद्र लागला नाहीं, याचें त्यांना आश्चर्य वाटलें नसावें! हंसणें सोपें आहे. पण महाराष्ट्रांत खेड पुणें जिल्ह्यांतहि आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यांतहि आहे, आणि वडगांवें व पिंपळगांवें तर किती आहेत याची गणतीच नाहीं. यंत्र सांगितल्या गांवीं इमानानें नेतें. गांव बरोबर सांगणें हें काम मालकाचें आहे.

तेव्हां हें यंत्र टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. स्वतंत्र यंत्राचे गुण आजहि खरे आहेत. सगळा नकाशा त्याच्या पोटांतच असल्यानें, घाटांत मोबाईलचा संदेश तुटला तरी तें अडत नाहीं. त्यावर कोणाचा फोन येत नाहीं, चित्रें येत नाहींत, गप्पा येत नाहींत. तें एकच काम करतें. मोबाईलवर विसंबणाऱ्यानेंहि निघण्यापूर्वीं त्या मुलखाचा नकाशा उतरवून ठेवला, तर हा लाभ त्यालाहि मिळतो. यंत्र बाळगणाऱ्यानें मात्र तें नीट बाळगावें. नकाशा वर्षांतून एकदां तरी नवा करावा. आंतल्या आज्ञावलीचीहि हयगय करूं नये. कारण उपग्रहांच्या मूळ संदेशांत आठवड्यांची गणती १,०२४ झाली कीं पुन्हां शून्यापासून सुरू होते, आणि एप्रिल २०१९ मध्यें ती तशी झाली तेव्हां न सुधारलेलीं कांहीं जुनीं यंत्रें तारखेच्या घोटाळ्यांत सांपडलीं. रबराची वाटी कांचेवर घट्ट दाबून बसवावी, पण ती समोरच्या रस्त्याच्या आड येऊं नये. फार दिवस बंद असलेलें यंत्र सुरू करतांच निघूं नये; उपग्रहांचे संदेश नीट ऐकण्यास त्याला कांहीं मिनिटें द्यावीं. गांवाचें नांव मोटार उभी असतांना लिहावें. चालू मोटारींत तें काम शेजारीं बसलेल्याचें. ऑक्टोबर २०२० पासूनच्या आपल्याकडील नियमांनींहि हातांतील साधन मोटार चालवितांना केवळ वाट पाहण्यासाठीं, आणि तेंहि लक्ष विचलित होणार नाहीं अशा बेतानें वापरण्याचीच मुभा दिली आहे.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, निघण्यापूर्वीं सबंध वाट एकदां डोळ्यांखालून घालावी. पुण्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाचें उदाहरण घ्या. कात्रजचा बोगदा, शिरवळजवळ नीरा नदी, मग खंबाटकीचा घाट, सुरूरला महामार्ग सोडून वाई, तेथें कृष्णा, आणि पसरणीचा घाट चढून पांचगणी. एवढी साखळी मनांत असली, कीं यंत्रानें मध्येंच एखाद्या अनोळखी वाटेला लावलें तर घरांतलें कोणीहि, अगदीं मागच्या बांकावरची मुलगीसुद्धां, ‘बाबा, अजून नीरा कां नाहीं आली?’ असें विचारील. तो प्रश्न उठला कीं मोटार थांबते, कोणी तरी खालीं उतरून टपरीवाल्याला विचारतें, ‘काका, हा रस्ता पुढें चालू आहे ना?’ आणि तो म्हणतो, ‘कालच्या पावसानं मोरी खचलीय, आल्या वाटेनं मागं फिरा.’ हें उत्तर कोणत्याहि उपग्रहाजवळ नाहीं.

या प्रश्नाची संवय सुटूं नये यासाठीं शास्त्रहि साक्ष देतें. लंडनमध्यें टॅक्सी चालविण्याचा परवाना मिळवावयाचा तर चेअरिंग क्रॉसभोंवतालच्या सहा मैलांतील सुमारें पंचवीस हजार रस्ते पाठ असावे लागतात. ही परीक्षा १८६५ पासून चालत आली आहे. २००० सालीं तेथील एलिनॉर मग्वायर या संशोधिकेला असें आढळलें कीं, या चालकांच्या मेंदूंतील हिपोकॅम्पस नांवाच्या भागाची मागची बाजू इतरांहून मोठी असते. २०१७ सालीं त्याच शहरांत चोवीस जणांवर केलेल्या प्रयोगांत दिसलें कीं, स्वतः वाट शोधतांना हा भाग जागा असतो. यंत्राच्या सांगण्यानुसार वळतांना तो त्या कामीं स्वस्थ राहतो. म्हणजे वाट विचारून, चुकून, पुन्हां सांपडवून माणूस जो मुलूख मिळवितो, तो केवळ आज्ञा पाळून मिळत नाहीं. पन्नास वेळां कोंकणांत जाऊन आलेल्या मुलाला वाटेंत कोणत्या नद्या लागल्या हें सांगतां येऊं नये, ही हानि पेट्रोलच्या हिशेबांत दिसत नाहीं. पण ती हानि आहेच.

म्हणून मोटारींतील या वाटाड्याला मान द्यावा, पण तो ओळखून द्यावा. काळोखांत, पावसांत, अनोळखी मुलखांत ‘तुम्ही येथें आहां’ असें तो सांगतो, तेव्हां त्याचे उपकार मानावे. भरकटलेल्या माणसाला स्वतःचें ठिकाण कळणें हाच केवढा तरी धीर असतो. परंतु ‘आतां असे जा’ असें तो म्हणतो, तेव्हां समोरच्या कांचेंतून दिसणारा रस्ता आणि पेटीवर दिसणारा रस्ता एकच आहे ना, हें प्रत्येकानें आपल्या डोळ्यांनीं पाहून घ्यावें. दोहोंत अंतर पडलें तर गाडी थांबवावी, दिवे लागलेल्या जवळच्या घराशीं जावें आणि विचारावें. त्या घरचा माणूस अक्षांश-रेखांश सांगूं शकणार नाहीं. पण पुढच्या पुलावर पाणी आहे कीं नाहीं, हें त्याला ठाऊक असतें.